डोमाक यांची औषधे आणि त्वचेचा इशारा

नाशिकच्या द्वारका परिसरात काय किंवा अन्यत्र काय, जुलाबावर किंवा लघवीच्या जळजळीवर दिली जाणारी कोट्रायमोक्साझोलची गोळी सल्फा गटातील आहे. या गटाचा पाया घातला तो जर्मन डॉक्टर गेरहार्ड डोमाक यांनी.

१८९५ मध्ये एका शिक्षकाच्या घरी जन्मलेले डोमाक वैद्यकीय शिक्षण सोडून पहिल्या महायुद्धात गेले आणि जखमी झाले. पुढे लष्करी इस्पितळात काम करताना, शस्त्रक्रिया होऊनही जवान जंतुसंसर्गाने दगावतात, हे त्यांनी पाहिले. १९३२ च्या अखेरीस त्यांच्या प्रयोगशाळेत ‘प्रॉन्टोसिल’ या लाल रंगद्रव्याने जंतुबाधित उंदीर वाचले. नंतर सुई टोचून त्यांच्या मुलीचा हात पिकला, तो कापण्याची वेळ आली. डोमाक यांनी तिला हेच औषध दिले. हात वाचला, त्वचेवर मात्र लालसर छटा राहिली.

१९३९ चे नोबेल हिटलरच्या राजवटीने त्यांना नाकारायला लावले. पदक १९४७ मध्ये मिळाले, रक्कम नाही. तोवर परळच्या हाफकिन संस्थेने सल्फा औषधे प्लेगवर वापरून पाहिली होती. डोमाक पुढे क्षयरोगाकडे वळले. त्यांच्या कामातून आलेले थायअसिटाझोन स्वस्त असल्याने भारतातही वर्षानुवर्षे वापरले गेले. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या दोन्ही औषधांनी असंख्य जीव वाचवले. पण मोजक्या रुग्णांत त्यांनीच त्वचा भाजल्यासारखी सोलवटून काढली. या आजाराला ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ म्हणतात. एचआयव्हीबाधितांत थायअसिटाझोनमुळे हा धोका इतका वाढला, की १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना ते न देण्याचा सल्ला दिला.

ही प्रतिक्रिया बहुधा औषध सुरू केल्यापासून चार दिवस ते चार आठवड्यांत येते. ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड, दुखणारे लाल चट्टे दिसले, तर ‘उष्णता झाली’ म्हणून थांबू नका. औषध बंद करून लगेच रुग्णालय गाठा. त्या औषधाचे नाव लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक डॉक्टरांना सांगा. तेच औषध पुन्हा घेणे जिवावर बेतू शकते.