जरनैल सिंग : बचावफळीतून प्रशिक्षकपदापर्यंत

भिलाई : भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचे स्मरण करताना आघाडीपटूंची नावे प्रथम ओठांवर येतात. मात्र १९६२च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक निश्चित करणारा गोल एका बचावपटूने केला होता. ते बचावपटू म्हणजे जरनैल सिंग ढिल्लों.

२० फेब्रुवारी १९३६ रोजी लायलपूर परिसरात त्यांचा जन्म झाला. फाळणीने अकराव्या वर्षी जन्मभूमी हिरावली आणि कुटुंब होशियारपूर जिल्ह्यातील पनाम गावी स्थिरावले. माहिलपूरच्या खालसा महाविद्यालयात त्यांचा खेळ बहरला. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, त्याच १९५९ साली ते कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये दाखल झाले आणि जवळपास दशकभर त्या संघाच्या बचावाचा कणा ठरले. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला १-१ असे रोखणाऱ्या भारतीय संघातही त्यांचा समावेश होता.

जकार्तात थायलंडविरुद्ध त्यांच्या डोक्याला गंभीर दुखापत होऊन टाके घालावे लागले. बचावफळीत वारंवार चेंडू डोक्याने परतवणे आता धोक्याचे होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना थेट आघाडीवर खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात प्रतिकूल प्रेक्षकांसमोर पी. के. बॅनर्जी आणि जरनैल सिंग यांच्या गोलांमुळे भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवले.

१९६४ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे भारताचे आणि आशियाई निवड संघाचे कर्णधारपदही त्यांनी भूषविले.

रहीम यांच्याकडून मिळालेला धडा प्रशिक्षक म्हणून त्यांच्या उपयोगी पडला असावा. पंजाबने १९७०मध्ये प्रथमच संतोष करंडक जिंकला, तेव्हा ते खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत होते. १९७४मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली पंजाबने अंतिम सामन्यात बलाढ्य बंगालचा ६-० असा धुव्वा उडवला. ज्या बंगालच्या मैदानांनी त्यांना नावलौकिक दिला, त्याच बंगालला त्यांच्या शिष्यांनी हरवले. पुढे पंजाबच्या क्रीडा विभागातही त्यांनी जबाबदारी सांभाळली.

१३ ऑक्टोबर २००० रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्यांचे निधन झाले. जकार्तानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही. संघाला गरज असेल ती जागा घेणाऱ्या या बचावपटूची उणीव म्हणूनच आजही जाणवते.