एली व्हिटनीच्या दहा हजार बंदुका

इंटरचेंजेबिलिटीचा जनक कोण? व्हायव्हात या प्रश्नाला एली व्हिटनी म्हणायचं आणि सुटायचं, ही आपल्या होस्टेलची जुनी परंपरा. मी जरा पुढे वाचलं आणि हा माणूस पुस्तकातल्यापेक्षा भलताच निघाला.

व्हिटनी जन्मला ८ डिसेंबर १७६५ ला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टबरो गावी. बाप शेतकरी, पण शेतावरच छोटं वर्कशॉप होतं. स्वातंत्र्ययुद्धात खिळ्यांची टंचाई झाली तेव्हा या पोरानं खिळे करून विकले. मग शाळामास्तरकी करून पैसे साठवले आणि १७९२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी येल कॉलेजातून पदवी घेतली. (एटीकेटीवाल्यांनी धीर धरावा!) १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र केलं, १७९४ ला पेटंटही मिळालं. पण यंत्र इतकं सोपं, की कुणीही लोहार त्याची नक्कल करी. कमाई कोर्टकचेऱ्यांत गेली. त्याच यंत्रानं दक्षिणेत कापूस वाढला आणि कापसाबरोबर गुलामगिरीही वाढली. हे मात्र व्हायव्हात कुणी विचारत नाही.

कर्जानं गळ्याशी आलेल्या व्हिटनीनं जून १७९८ मध्ये सरकारशी १०,००० बंदुकांचा करार केला. मुदत सप्टेंबर १८०० ची. कारखाना नाही, आयुष्यात एकही बंदूक केलेली नाही, अन् तयार कारागीर मिळत नाहीत. मग नवख्या हातांकडून एकसारखे भाग घडवायचे कसे?

इथं मला आमच्या शिरोळच्या मामांचं वर्कशॉप आठवतं. बंदुकीच्या चापाभोवतीचं कडं, म्हणजे ट्रिगर गार्ड, हे पातळ आणि वाकडं काम. व्हाइसमध्ये आवळलं तर चेपतं, सैल धरलं तर कानशीखाली थरथरतं. मामांकडे फवारणी पंपाच्या तशाच वाकड्या पट्ट्या यायच्या. त्यांनी पट्टीच्या आतल्या वाकाप्रमाणे सागवानी ठोकळा कोरला, पट्टीच्याच भोकांतून स्क्रूनं ती त्यावर बसवली आणि ठोकळा व्हाइसमध्ये धरला. शेजारी पाणी दिलेल्या पोलादाची पट्टी लावली. कानस तिच्यावर आली की नुसती घसरते, कापत नाही. नवा पोरगासुद्धा जास्त घासू शकत नाही. माप हातात नाही, फिक्श्चरमध्ये! व्हिटनीच्या नावावर सांगतात ते कानशीचे जिग याच जातीचे.

मुदत संपली तरी बंदुका नाहीत. जानेवारी १८०१ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला. अध्यक्ष अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांच्यापुढे त्यानं सुट्या भागांतून कुठलाही भाग उचलून लॉक जुळवून दाखवलं. जेफरसनना यात नवल नव्हतं. १७८५ सालीच त्यांनी पॅरिसजवळ ओनोरे ब्लांकच्या कारखान्यात स्वतः अशी जुळणी केली होती. पण व्हिटनीला सवलत मिळाली. पहिल्या ५०० बंदुका सप्टेंबर १८०१ मध्ये पोचल्या आणि शेवटच्या जानेवारी १८०९ मध्ये. आपलं सबमिशन बरं म्हणायचं!

गंमत पुढेच आहे. १९६० मध्ये रॉबर्ट वुडबरी या इतिहासकारानं ही आख्यायिकाच मोडीत काढली. व्हिटनीच्या शिल्लक बंदुकांचे भाग एकमेकांत बसत नाहीत. इतकंच काय, भागांवर वेगवेगळ्या खुणा आहेत. जुळणारे भाग एकमेकांना ओळखून लावावे लागत असतील तरच अशा खुणा कराव्या लागतात. म्हणजे त्या दिवशीचे नमुने बहुधा आधीच जुळवून आणलेले होते. खरी अदलाबदल साधली ती हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉलनं, १८२० च्या दशकात. त्यानं फिक्श्चर आणि गेज यांवर वर्षानुवर्षं डोकं घातलं. आपल्या पुस्तकात त्याचं नावसुद्धा सापडत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

तरी व्हिटनीला मी नुसता थापाड्या म्हणणार नाही. कारागिराच्या हातातलं कसब हत्यारात उतरवता येतं, हे सरकारच्या गळी उतरवायला असाच बोलका माणूस लागत असावा. ८ जानेवारी १८२५ ला तो न्यू हेवनमध्ये वारला, तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. पुढे कारखाना या मुलानं सांभाळला आणि १८४७ मध्ये सॅम्युअल कोल्टच्या हजारावर रिव्हॉल्व्हर तिथंच तयार झाल्या.