रिकाम्या घरांचा हिशेब

सशाच्या मागोमाग बिळात उतरलेल्या ॲलिसची गोष्ट ठाऊक नाही, असा वाचक विरळाच. ती लिहिणाऱ्या लुईस कॅरॉल यांचे नावही जगभर परिचित आहे. मात्र त्या टोपणनावाआडचे गृहस्थ, चार्ल्स लटविज डॉजसन, हे ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवत असत आणि आयुष्याची अखेरची दहा-बारा वर्षे त्यांनी एका वेगळ्याच ध्यासाला वाहिली होती, ही बाब तितकीशी परिचित नाही. तर्कशुद्ध विचार करण्याची विद्या मूठभर पंडितांपुरती न राहता सर्वसामान्यांच्या, विशेषतः मुलामुलींच्या हाती यावी, हा तो ध्यास. त्यासाठी त्यांनी निवडलेले साधन म्हणजे कोडे, आणि त्या कोड्याची किल्ली म्हणजे एकेक शक्यता सकारण बाद करत जाण्याची शिस्त.

डॉजसन यांचा जन्म २७ जानेवारी १८३२ रोजी इंग्लंडमधील चेशर परगण्यातल्या डेअर्सबरी या खेड्यात झाला. वडील तेथे धर्मोपदेशक होते. अकरा भावंडांत चार्ल्स तिसरे आणि मुलग्यांमध्ये थोरले. १८४३ मध्ये हे कुटुंब यॉर्कशरमधील क्रॉफ्ट येथे राहावयास गेले. धाकट्या भावंडांसाठी नवनवे खेळ रचणे, कविता व चित्रांनी सजलेली हस्तलिखित मासिके काढणे हा थोरल्या भावाचा आवडता उद्योग असे. बोलताना ते अडखळत आणि उजव्या कानाने त्यांना नीट ऐकू येत नसे. ही दोन्ही वैगुण्ये त्यांना जन्मभर पुरली. रग्बी येथील निवासी शाळेतील वर्षे त्यांच्या दृष्टीने मुळीच सुखाची नव्हती. गणितातील प्रावीण्य मात्र तेथेच उघड झाले.

जानेवारी १८५१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाले आणि दोनच दिवसांत आईच्या निधनाची वार्ता येऊन धडकली. १८५४ मध्ये त्यांनी गणितात प्रथम वर्ग मिळवला. पुढच्याच वर्षी ते त्याच महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून नेमले गेले व १८८१ पर्यंत त्या पदावर राहिले. महाविद्यालयाने दिलेल्या वृत्तीची अट अविवाहित राहण्याची होती. १८६१ मध्ये त्यांनी चर्चची प्राथमिक दीक्षा घेतली. पूर्ण धर्मोपदेशकाची दीक्षा त्यांनी अखेरपर्यंत घेतली नाही. विद्यार्थी म्हणून ज्या आवारात पाऊल टाकले, तेथेच त्यांचे पुढील ४७ वर्षांचे वास्तव्य झाले.

टोपणनावाचा जन्म १८५६ मधला. चार्ल्स आणि लटविज या आपल्या दोन नावांची लॅटिन रूपे घ्यायची, त्यांची अदलाबदल करायची आणि पुन्हा इंग्रजी वळण द्यायचे, या खटपटीतून लुईस कॅरॉल हे नाव निघाले. ४ जुलै १८६२ रोजी महाविद्यालयाचे प्रमुख हेन्री लिडेल यांच्या तीन मुलींना घेऊन डॉजसन व त्यांचे मित्र रॉबिन्सन डकवर्थ नदीवर नौकाविहाराला गेले. वाटेत सुचेल तशी सांगितलेली गोष्ट दहा वर्षांच्या ॲलिस लिडेलच्या आग्रहाने कागदावर उतरली आणि १८६५ मध्ये जॉन टेनिएल यांच्या चित्रांसह पुस्तकरूपाने आली. पहिल्या दोन हजार प्रतींची छपाई चित्रकाराच्या पसंतीस उतरली नाही, म्हणून ती आवृत्ती मागे घेण्यात आली. १८७१ च्या अखेरीस ॲलिसचा दुसरा भाग निघाला आणि लेखकाची कीर्ती सर्वदूर पोहोचली.

घरच्या व्यवहारात डॉजसन कमालीचे काटेकोर होते. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पत्राची ते नोंद ठेवत. १८६१ मध्ये सुरू केलेल्या या नोंदवहीत अखेरीस ९८,७२१ पत्रे जमा झाली. १८५६ ते १८८० अशी चोवीस वर्षे त्यांनी त्या काळातील अत्यंत किचकट अशा छायाचित्रणकलेचा व्यासंग केला. निर्धारक या गणिती संकल्पनेवर त्यांनी १८६७ मध्ये ग्रंथ लिहिला, तर १८७९ मध्ये युक्लिडच्या भूमितीची बाजू नाट्यरूपाने मांडली. मतदानाने योग्य निवड कशी व्हावी, यावर १८७३ ते १८७६ या काळात त्यांनी पत्रके काढली. त्यांचे मोल अर्थशास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या मध्यावर उमगले.

या सर्व लेखनात एक सूत्र दिसते. एखाद्याला बाद ठरवायचे तर त्याला कारण हवे. याचा रोचक नमुना म्हणजे लॉन टेनिसच्या स्पर्धांवरील त्यांची १८८३ ची पुस्तिका. विम्बल्डनची स्पर्धा सुरू होऊन तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. एक सामना हरला की खेळाडू बाद, या पद्धतीत सर्वोत्तम खेळाडूला पहिले बक्षीस मिळते हे खरे. परंतु दुसऱ्या क्रमांकाचे काय? ३२ खेळाडूंच्या स्पर्धेत गुणवत्तेने दुसरा असलेला खेळाडू अंतिम सामन्यात पोहोचावयाचा, तर तो पहिल्याच्या विरुद्ध अर्ध्या भागात असावयास हवा. उरलेल्या ३१ जागांपैकी अशा जागा १६ आहेत. म्हणजे योग्य माणसाला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता ३१ पैकी १६, जेमतेम निम्मी. बाकी वेळा तो सोडतीच्या दोषाने आधीच घरी गेलेला असतो. डॉजसन यांनी यावर उपाय म्हणून नवी पद्धत सुचवली. ज्याच्यापेक्षा तिघे सरस आहेत हे सिद्ध झाले, त्यालाच तीन बक्षिसांच्या स्पर्धेतून वगळावे, हा तिचा गाभा.

हीच दृष्टी त्यांनी तर्कशास्त्राकडे नेली. अध्यापकपद सोडल्यानंतर मिळालेला वेळ त्यांनी या विषयाला दिला. १८८६ च्या अखेरीस तर्काचा खेळ शिकवणारे त्यांचे छोटे पुस्तक तयार झाले. सोबत एक पट व नऊ सोंगट्या होत्या; चार तांबड्या व पाच राखाडी. पटाची रचना साधी. कपाटातील केक घ्या. ते ताजे किंवा शिळे, चविष्ट किंवा बेचव. म्हणजे चार घरे झाली. एखाद्या घरात काही वस्तू आहे असे कळले की तेथे तांबडी सोंगटी ठेवायची. घर रिकामे आहे असे कळले की राखाडी. एकही ताजा केक बेचव नाही, असे सांगितले गेले की ताज्या-बेचव घरावर राखाडी सोंगटी बसते. आणि ज्या घराविषयी काहीच सांगितलेले नाही, तेथे कोणतीही सोंगटी ठेवायची नाही. रिकामे असणे आणि माहीत नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे लहान मुलालाही डोळ्यांनी दिसावे अशी ही सोय होती. वस्तूंचे तीन गुण विचारात घ्यायचे, तर मोठ्या पटावर आठ घरे होती. समकालीन तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांच्या वर्तुळांबाहेरची जागा मोकळीच राहत असे. डॉजसन यांचा पट मात्र चारी बाजूंनी बंदिस्त होता, त्यामुळे एकही शक्यता नजरेतून निसटत नसे.

हा खेळ घेऊन ते ऑक्सफर्डमधील मुलींच्या शाळेत आणि लेडी मार्गारेट हॉल या स्त्रियांसाठीच्या नव्या महाविद्यालयात शिकवावयास जात. ज्या विद्यापीठाने स्त्रियांना पदवी देण्यास १९२० साल उजाडू दिले, तेथे एका नामांकित प्राध्यापकाने मुलींना तर्कशास्त्र शिकवणे ही साधी बाब नव्हती. कोडी अर्थातच मजेदार असत. एका प्रसिद्ध कोड्यात तान्ही मुले, अविचारी माणसे, लोकांनी तुच्छ लेखलेली माणसे आणि मगरीला आवरू शकणारी माणसे असे चार वर्ग येतात. विधानांची साखळी नीट जुळवली की मधले दोन वर्ग गळून पडतात आणि तान्ह्या मुलाला मगर आवरणे शक्य नाही, एवढे निष्पन्न होते. निष्कर्षावर हसू येते. परंतु हसता हसता नको ती पदे गाळण्याची रीत अंगवळणी पडते.

१८९४ च्या मे महिन्यात त्यांनी खोटे बोलणाऱ्यांची काही कोडी रचली. त्यातील एक आज अभिजात मानले जाते. अ म्हणतो की ब खोटे बोलतो. ब म्हणतो की क खोटे बोलतो. क म्हणतो की अ आणि ब दोघेही खोटे बोलतात. खरे कोण बोलते? प्रथमदर्शनी डोके चक्रावते. पण अ खरे बोलतो असे क्षणभर मानून पाहावे. मग ब खोटा ठरतो. ब खोटा, म्हणजे क खरा. आणि क खरा, म्हणजे अ खोटा. जेथून निघालो त्याच्याच विरुद्ध टोकाला पोहोचलो. तेव्हा ही वाट बंद. अ खोटेच बोलत असला पाहिजे. म्हणजे ब खरा आणि क खोटा; आणि अ व ब दोघेही खोटे हे क चे विधान ब खरा असल्यामुळे खोटेच आहे. कोठेही विसंगती उरत नाही. उत्तर एकच, आणि ते अंदाजाने नव्हे तर दुसरी वाट बंद करून मिळालेले.

मात्र वाट बंद करण्याची घाई झाली तर काय होते, हेही त्यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात त्यांनी तीन न्हाव्यांचे कोडे प्रसिद्ध केले. ॲलन, ब्राउन आणि कार हे एका दुकानाचे न्हावी. तिघांपैकी एक तरी दुकानात असतोच. आजारपणापासून धास्तावलेला ॲलन ब्राउनला सोबत घेतल्याखेरीज बाहेर पडत नाही. यावरून गोष्टीतील एक काका सिद्ध करतो की कार दुकानात असलाच पाहिजे. कार बाहेर असेल आणि ॲलनही बाहेर असेल, तर दुकान सांभाळण्यास ब्राउन आत हवा. पण ॲलन बाहेर असेल तर ब्राउनही बाहेर असणार. विसंगती आली, म्हणून कार बाहेर असू शकत नाही.

युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि तरीही तो फसवा आहे. तिघांच्या आत-बाहेर असण्याच्या एकूण शक्यता आठ. तिघेही बाहेर, ही एक बाद. ॲलन बाहेर व ब्राउन आत, अशा दोन बाद. पाच उरतात आणि त्यांपैकी दोहोंत कार खुशाल बाहेर आहे. ॲलन तेवढा दुकानात बसलेला आहे. काकाने कार व ॲलन एकाच वेळी बाहेर असण्याची शक्यता खोडली आणि कारचे बाहेर असणेच खोडल्याचे जाहीर केले. गंमत अशी, की या प्रश्नावरून ऑक्सफर्डमधील तर्कशास्त्राचे प्राध्यापक जॉन कुक विल्सन यांच्याशी डॉजसन यांचा प्रदीर्घ वाद झाला. १९०३ मध्ये बर्ट्रंड रसेल यांनी आपल्या ग्रंथात या कोड्याची दखल घेऊन ते सोडवले.

फेब्रुवारी १८९६ मध्ये प्रतीकात्मक तर्कशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. तो त्यांनी डॉजसन या नावाने नव्हे, तर लुईस कॅरॉल या नावाने प्रसिद्ध केला. ॲलिसच्या वाचकांनी तो उचलावा, ही त्यामागील इच्छा. दुसऱ्या भागाची छपाईपूर्व मुद्रिते तयार होत होती आणि तिसऱ्याची योजना होती. या दुसऱ्या भागात त्यांनी एक नवी पद्धत मांडली होती. हवा असलेला निष्कर्ष खोटा आहे असे मानायचे, त्यातून फुटणाऱ्या शक्यता झाडाच्या फांद्यांप्रमाणे रेखाटायच्या आणि प्रत्येक फांदी विसंगतीपाशी येऊन थांबते का ते पाहायचे. सगळ्या फांद्या थांबल्या तर निष्कर्ष खरा. एक जरी मोकळी राहिली तरी तो सिद्ध झाला नाही.

हे काम पुरे झाले नाही. १८९७ च्या नाताळात ते बहिणींकडे गिल्डफर्डला गेले. तेथे इन्फ्लुएंझाचे न्यूमोनियात पर्यवसान होऊन १४ जानेवारी १८९८ रोजी, सहासष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, त्यांचे निधन झाले. दुसरा भाग अप्रकाशितच राहिला. तो विल्यम वॉरन बार्टली यांच्या परिश्रमाने १९७७ मध्ये, म्हणजे ७९ वर्षांनी उजेडात आला. झाडाच्या फांद्यांची ती पद्धत तर्कशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली होती.

मृत्यूनंतर डॉजसन स्वतःच एक कोडे झाले. त्यांच्या रोजनिशीच्या तेरा खंडांपैकी चार गहाळ आहेत. जून १८६३ च्या अखेरचे एक पान कापलेले आहे आणि लिडेल कुटुंबाशी असलेला त्यांचा घरोबा नेमका त्याच सुमारास तुटला. लहान मुलींशी त्यांची मैत्री व त्यांनी काढलेली मुलींची छायाचित्रे यांमुळे या कापलेल्या पानाभोवती गेल्या शतकभरात तर्कवितर्कांचे जाळे विणले गेले. कोणी त्यांना दोषी ठरवले, कोणी निर्दोष. दोन्ही पक्षांचा आधार मुख्यत्वे न सापडलेला मजकूरच. हयातीतही अशा दंतकथांशी त्यांचा परिचय होता. ॲलिसवर खूश होऊन व्हिक्टोरिया राणीने त्यांचे पुढील पुस्तक मागवले आणि तिच्या हाती गणिताचा ग्रंथ पडला, ही आख्यायिका त्यांनी छापील खुलासा करून नाकारली होती. ती आजही सांगितली जाते.

या प्रश्नांना त्यांच्याच पटाचा नियम लावला तर काय हाती येते? तांबडी सोंगटी ठेवण्याजोगा पुरावा नाही आणि राखाडी ठेवण्याजोगाही नाही. ते घर मोकळेच ठेवावे लागते. ऑक्सफर्डच्या शाळकरी मुलींना हा नियम पहिल्याच धड्यात शिकवला जात असे. मोठ्यांना तो पाळणे अधिक अवघड जाते.