होम थिएटरमधला क्रॉसओव्हर नेमका काय असतो, हे समजून घ्यायचं असेल तर जेबीएलमधल्या 'एल'ची गोष्ट वाचा

घरात नवं होम थिएटर येतं. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि एक रिसिव्हर. वायरी जोडून होतात, टीव्हीवर सेटिंगचा मेनू उघडतो आणि एका ओळीवर येऊन गाडी अडते. तिथे लिहिलेलं असतं, क्रॉसओव्हर. समोर आकडे ४०, ६०, ८०, १००, १२०. पुढे हर्ट्झ.

बहुतेक जण तो आकडा आहे तसाच सोडतात, नाहीतर जास्त म्हणजे चांगलं असं समजून सगळ्यात मोठा निवडतात. मग पिक्चर लावला की हिरोचा आवाज कोपऱ्यातल्या सबवूफरमधून घुमायला लागतो किंवा धडाकेबाज सीनमध्ये दमच लागत नाही.

हा आकडा काय करतो, हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. एका अशा माणसाकडे, ज्याचं नाव आज गल्लोगल्लीच्या ब्लूटूथ स्पीकरवर आहे, पण ज्याची गोष्ट फारशी कुणाला माहिती नाही. त्याचं नाव जेम्स बुलो लान्सिंग. जेबीएल ही तीन अक्षरं त्याच्याच नावातली.

खाणीच्या गावातला नववा मुलगा

जेम्सचा जन्म १४ जानेवारी १९०२ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. आडनाव तेव्हा लान्सिंग नव्हतं, मार्टिनी होतं. वडील कोळशाच्या खाणींमध्ये इंजिनिअर. घरात चौदा भावंडं आणि हा नववा.

पोराला लहानपणापासून विजेच्या उचापतींचा नाद. बारा-तेरा वर्षांचा असताना त्याने घरीच छोटा रेडिओ ट्रान्समीटर बनवला. त्याचे सिग्नल नौदलाच्या तळापर्यंत पोचले आणि तिथल्या लोकांनी येऊन तो बंद करायला लावला, असं सांगितलं जातं. पुढे काही काळ त्याने गाड्यांचा मेकॅनिक म्हणूनही काम केलं.

१९२४ साली आई गेली आणि त्याने घर सोडलं. तो सॉल्ट लेक सिटीत पोचला. तिथे एका रेडिओ स्टेशनवर नोकरी लागली आणि आयुष्यातली दोन महत्त्वाची माणसं भेटली. एक त्याची होणारी बायको ग्लेना आणि दुसरा केन डेकर. जेम्सचे हात यंत्रात चालायचे, डेकरचं डोकं धंद्यात.

१९२७ मध्ये दोघांनी लॉस एंजेलिसमध्ये लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. त्याच सुमारास जेम्सने आपलं नावही बदलून घेतलं. सुरुवातीला कंपनी घरगुती रेडिओंसाठी सहा आणि आठ इंची स्पीकर बनवायची.

वेळ मात्र अचूक साधली गेली होती. त्याच १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि मुका सिनेमा बोलायला लागला. हॉलिवूडला आता स्पीकर हवे होते आणि ते बनवणारा कारखाना त्याच शहरात होता.

एका स्पीकरला सगळं का जमत नाही?

आता थोडं विज्ञान. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकतो. ढोलाचा ठोका खालच्या टोकाला, झांजेची किणकिण वरच्या टोकाला.

खालचा आवाज काढायला खूप हवा ढकलावी लागते. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढाच मोठा आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे व्हावं लागतं. म्हणून त्यासाठी मोठा पडदा लागतो. पण मोठा पडदा जड असतो आणि सेकंदाला दहा हजार वेळा थरथरणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यासाठी छोटा, हलका पडदा लागतो.

म्हणजे एका गड्याचं काम नव्हे, दोन गडी लागणार. मग कुठपर्यंतचं काम कुणी करायचं, हे ठरवावं लागतं. ती वाटणी जिथे होते तो क्रॉसओव्हर. ही वाटणी भिंतीसारखी नसते, उतारासारखी असते. एकाचा आवाज हळूहळू उतरतो आणि दुसऱ्याचा चढतो. मधल्या पट्ट्यात दोघेही वाजत असतात. सगळी गंमत आणि सगळी गडबड त्या पट्ट्यातच होते.

टॅप डान्सचा डबल ठोका

१९३३ च्या सुमारास एमजीएम स्टुडिओच्या साउंड विभागाचा प्रमुख होता डग्लस शिअरर, अभिनेत्री नॉर्मा शिअररचा भाऊ. स्टुडिओत इतक्या मेहनतीने रेकॉर्ड केलेला आवाज थिएटरात गेला की फाटका वाटतो, ही त्याची तक्रार होती. बाजारातलं काहीच पसंत पडेना, तेव्हा त्याने स्वतःच सिस्टिम बनवायचं ठरवलं. जॉन हिलियर्ड नावाच्या इंजिनिअरने त्या कामाची धुरा घेतली आणि स्पीकर बनवायची जबाबदारी लान्सिंगच्या कारखान्याकडे आली.

तयार झालेली सिस्टिम दोन मजली होती. खाली लाकडी डब्यांत १५ इंची मोठे स्पीकर, वर बारीक आवाजासाठी अनेक खणांचा कर्णा. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीत खाली बेस आणि वर टॉप लावतात ना, तीच मांडणी. वाटणी काहीशे हर्ट्झवर होत होती.

ही सिस्टिम घडत असतानाचा एक किस्सा साउंडवाल्यांच्या जगात प्रसिद्ध आहे. त्याआधीच्या मोठ्या दुमडलेल्या कर्ण्यांवर एलिनॉर पॉवेलचा टॅप डान्स वाजवला की बुटाचा एक ठोका दोनदा ऐकू यायचा. कारण साधं होतं. बेसचा आवाज लांबलचक कर्ण्यातून वळसे घेऊन बाहेर यायचा, वरचा आवाज सरळ यायचा. दोघांच्या वाटेत काही फुटांचा फरक होता. एक फूट कापायला आवाजाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. आठ-नऊ फुटांचा फरक पडला की एकाच ठोक्याचे दोन होतात.

शिअरर हॉर्नमध्ये मग बेसचा कर्णा आखूड केला आणि दोन्ही आवाज एकाच वेळी प्रेक्षकापर्यंत पोचतील असे बसवले. तुमच्या रिसिव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायला सांगतात, ते याच कारणासाठी.

एमजीएमची मालक कंपनी लोव्जच्या थिएटरांत ही सिस्टिम लागली. १९३६ सालासाठीचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. पुरस्कारावर नाव होतं शिअरर आणि एमजीएमच्या साउंड विभागाचं. ज्याच्या कारखान्यात स्पीकर घडले त्या लान्सिंगचं नव्हतं.

पण काम कुणाचं हे धंद्यातल्या लोकांना माहिती होतं. १९३७ मध्ये लान्सिंगने तोच विचार लहान आकारात आणला. आयकॉनिक नावाचा हा स्पीकर खोलीत मावायचा. खाली १५ इंची वूफर, वर छोटा कर्णा आणि वाटणी ८०० हर्ट्झवर. थिएटरचा आवाज घरात आणायची कल्पना इथून फार लांब नव्हती.

डेकर गेला आणि घडी विस्कटली

१९३९ साली केन डेकर विमान अपघातात गेला. कंपनीचा हिशेब, उधारी, गिऱ्हाईक सांभाळणारा माणूसच गेला. लान्सिंगला स्पीकरमधला दोष बारीक कानाने कळायचा, पण खतावणी हा त्याचा प्रांत नव्हता. दोन वर्षांत कंपनी डबघाईला आली.

४ डिसेंबर १९४१ रोजी अल्टेक नावाच्या कंपनीने ती ५०,००० डॉलरला विकत घेतली. अल्टेकचं काम थिएटरांची साउंड यंत्रणा दुरुस्त ठेवण्याचं, त्यामुळे त्यांना सुटे भाग बनवणारा कारखाना हवाच होता. नवं नाव पडलं अल्टेक लान्सिंग. जेम्स तिथे इंजिनिअरिंगचा उपाध्यक्ष झाला. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटरला जोडायचे अल्टेक लान्सिंगचे स्पीकर मिळायचे, ते नाव हेच.

पैशांची चिंता दुसऱ्याच्या डोक्यावर गेली आणि लान्सिंगने पुढच्या पाच वर्षांत तुफान काम केलं. ६०४ नावाच्या स्पीकरमध्ये कर्णा वूफरच्या मधोमधच बसवला, म्हणजे दोन्ही आवाज एकाच जागेवरून येतील. हा स्पीकर पुढे अनेक दशकं रेकॉर्डिंग स्टुडिओंत वाजत राहिला. १९४५ मध्ये व्हॉइस ऑफ द थिएटर ही मालिका आली आणि अमेरिकेतल्या पडद्यांमागे तिने ठाण मांडलं.

पण दुसऱ्याच्या हाताखाली राहणं त्याला रुचेना. पाच वर्षांचा करार संपताच १९४६ मध्ये तो बाहेर पडला आणि पुन्हा स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं लान्सिंग साउंड. अल्टेकने लगेच हरकत घेतली, कारण लान्सिंग हे नाव त्यांनी विकत घेतलं होतं. स्वतःचंच आडनाव वापरायला त्याला तडजोड करावी लागली आणि कंपनी जेम्स बी. लान्सिंग साउंड या पूर्ण नावाने ओळखली जाऊ लागली.

या कंपनीतून आला डी १३०. १५ इंची स्पीकर, चपट्या तारेची तब्बल चार इंची व्हॉइस कॉइल आणि कमी पॉवरमध्ये दणदणीत आवाज. माल पहिल्या दर्जाचा होता, फक्त पैसे येत नव्हते. मॅग्नेट पुरवणाऱ्याचं देणं वाढत गेलं. पाठबळ देणारी मार्क्वार्ट ही विमान क्षेत्रातली कंपनी १९४९ मध्ये दुसऱ्यांच्या ताब्यात गेली आणि तोही आधार सुटला. या वेळी शेजारी डेकर नव्हता.

सप्टेंबर १९४९ मध्ये जेम्स लान्सिंगने आत्महत्या केली. वय अवघं ४७.

त्याच्या नावावर १०,००० डॉलरचा विमा होता आणि ते पैसे कंपनीला मिळाले. कंपनीचा हिशेब बघणाऱ्या विल्यम थॉमसने त्या पैशांवर कंपनी तगवली आणि पुढे ग्लेनाचा वाटाही विकत घेतला. थॉमस धंदा जाणणारा माणूस होता. त्याच्या हाताखाली जेबीएल मोठी झाली. गिटारवाल्यांनी डी १३० डोक्यावर घेतला.

१९६९ मध्ये वुडस्टॉकच्या प्रसिद्ध संगीत महोत्सवात लाखो लोक जमले. तिथल्या स्पीकरच्या मनोऱ्यांवर बेससाठी जेबीएलचे १५ इंची स्पीकर होते आणि वरच्या आवाजासाठी अल्टेकचे कर्णे. ज्या दोन कंपन्या लान्सिंगच्या नावावरून भांडल्या, त्या त्या रात्री एकाच क्रॉसओव्हरच्या दोन बाजूंना वाजत होत्या. हे बघायला तो नव्हता.

आता तुमच्या घरातला आकडा

लान्सिंगने थिएटरात केलेली वाटणी आज तुमचा रिसिव्हर करतो, फक्त जरा खाली. स्पीकर आणि सबवूफर यांच्यात.

सुरुवात ८० हर्ट्झपासून करा. या आवाजाची एक लाट सव्वाचार मीटर, म्हणजे साधारण १४ फूट लांब असते. इतक्या लांब लाटेचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला नीट कळत नाही. त्यामुळे सबवूफर कोपऱ्यात असला तरी बेस पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो.

स्पीकर अगदी छोटे, तीन-चार इंची असतील तर ८० त्यांना झेपत नाही. माहितीपत्रकात स्पीकर किती हर्ट्झपर्यंत खाली जातो ते लिहिलेलं असतं. क्रॉसओव्हर त्या आकड्याच्या साधारण दीडपट ठेवा. १०० लिहिलं असेल तर १५०. मात्र १२० च्या वर गेलात की सबवूफरची जागा कानाला कळायला लागते, तेव्हा तो समोरच्या दोन स्पीकरच्या मध्ये ठेवा.

मेनूत लार्ज आणि स्मॉल असा पर्याय असेल तर स्मॉल निवडा. त्यात कमीपणा काही नाही. जड काम सबवूफरकडे सोपवलं, एवढाच त्याचा अर्थ.

सबवूफरच्या मागेही क्रॉसओव्हरचं एक बटण असतं. ते शेवटपर्यंत वर फिरवा किंवा एलएफईवर ठेवा. नाहीतर रिसिव्हरही कापतो, सबवूफरही कापतो आणि मध्ये खड्डा पडतो.

टेप घेऊन प्रत्येक स्पीकरचं बसायच्या जागेपासूनचं अंतर मोजा आणि भरा. फेजचं बटण असेल तर ओळखीचं गाणं लावून ० आणि १८० दोन्हीवर ऐका. सोफ्यावर बसून जिथे बेस भरीव वाटेल ते ठेवा.

सेटिंग नीट जमलं की सबवूफर वेगळा ऐकूच येत नाही. तो बंद केल्यावर मात्र काहीतरी गेल्यासारखं वाटतं. केन डेकर गेल्यावर लान्सिंगच्या कारखान्यात झालं, अगदी तसंच.