कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला

युद्धातील पराक्रमाच्या कथा बहुधा विजयाच्या असतात. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांची कथा मात्र एका बुडालेल्या जहाजाची आहे. आमच्या दुष्काळी भागातील मुलांना समुद्राची ओळख पुस्तकातूनच होते. तरीही ही कथा वाचताना ती परकी वाटत नाही.

मुल्ला यांचा जन्म १५ मे १९२६ रोजी गोरखपूर येथे झाला. घराणे काश्मिरी पंडितांचे. चुलते आनंदनारायण मुल्ला हे न्यायाधीश आणि उर्दू कवी. पुतण्यालाही उर्दू शायरीची गोडी होती आणि कायद्याची चांगली जाण होती. पण त्यांनी वाट धरली ती समुद्राची. १ मे १९४८ रोजी ते नौदलात अधिकारी झाले. पुढे 'राणा' या विनाशिकेचे नेतृत्व त्यांनी केले, लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयातही काम पाहिले.

१९७१ च्या डिसेंबरात भारत-पाक युद्ध पेटले. आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराची बंदरावर हल्ला चढवला. त्याच वेळी शत्रूची पाणबुडी पश्चिम किनाऱ्याजवळ वावरत असल्याचा सुगावा लागला. तिच्या शोधासाठी 'खुक्री' आणि 'किरपान' या युद्धनौका मुंबईहून निघाल्या. 'खुक्री'चे कप्तान होते मुल्ला.

९ डिसेंबरची रात्र. जहाजे दीवच्या समुद्रात होती. नवाच्या सुमारास 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने 'खुक्री'चा वेध घेतला. जहाज काही मिनिटांतच बुडणार हे उघड होते. मुल्लांनी ताबडतोब जहाज सोडण्याचा हुकूम दिला. होड्या आणि तराफे पाण्यात सोडण्यास दुय्यम अधिकाऱ्याला सांगितले. स्वतः मात्र ते माणसांना बाहेर काढीत राहिले. आपले जीवरक्षक जाकीटही त्यांनी एका खलाशाला दिले, असे वाचलेल्यांनी सांगितले. आणखी कोणाला वाचवता येते का, हे पाहण्यासाठी ते पुन्हा नियंत्रण-मंचाकडे गेले आणि जहाजाबरोबरच समुद्रात अदृश्य झाले.

१८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री गेले. ६७ जण वाचले. त्यांना दुसऱ्या दिवशी 'कचाल' या जहाजाने पाण्यातून उचलले. मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

येथे एक प्रश्न मनात येतो. अनुभवी कप्तानाने स्वतःचा जीव वाचवला असता तर नौदलाला त्याचा अधिक उपयोग झाला नसता का? हिशेब मांडला तर तसे म्हणता येईल. त्यांना मागे पत्नी आणि मुली होत्या. पण मला वाटते, ते मरण्यासाठी थांबले नव्हते. जहाजावर अजून माणसे होती, म्हणजे त्यांचे काम संपले नव्हते, एवढेच. दुष्काळाच्या वर्षी घरातली आई सर्वांची पाने वाढून मग उरले तर आपल्या ताटात घेते. त्याला ती त्याग म्हणत नाही. कर्तेपण म्हणजे शेवटी बसण्याचा मान, हे मुल्लांनीही असेच सहज मानले असावे.

दीव येथे 'खुक्री'चे स्मारक आहे. नौदलाने १९८९ साली नव्या युद्धनौकेला तेच नाव दिले. ती २०२१ साली निवृत्त झाली. आज अधिकाराच्या जागेवर पुढे धावणारे पुष्कळ दिसतात. जागा सोडताना मागे राहणारा कोण, यावरून खरा नायक ओळखावा.