ताराबाई मोडक

स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे संपादक भगिनींनी सांगितले तेव्हा मला दुसरे नाव सुचलेच नाही. आपल्या मंडळाची बालवाडी मी गेली काही वर्षे सांभाळते आहे, त्यामुळे ताराबाईंशी माझा रोजचा संबंध.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. पुढे अमरावतीच्या एका वकिलांशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही व १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहानगी मुलगी. त्या काळी अशा बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाही, ते आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींनी आपल्या आयांकडून ऐकले असेलच! ताराबाईंनी राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या कॉलेजात प्राचार्यपद सांभाळले आणि मग ते मानाचे पद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात तान्ह्या कामासाठी गेल्या.

गिजुभाई माँटेसरीबाईंच्या पद्धतीने शिकवीत. या पद्धतीत चाळीस मुलांना एकच धडा एकदम घोकवीत नाहीत. प्रत्येक मूल आपल्याला हवे ते साधन उचलते, हवा तितका वेळ त्यात रमते, चुकले तर साधनच त्याला ते दाखवून देते. बाईंनी पाहायचे आणि गरज पडेल तेथेच हात द्यायचा. ऐकायला सोपे वाटते. करून पाहिल्यावर कळते की गप्प बसणे हेच सर्वांत अवघड. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

पण ही साधने महाग, आणि मुले सुखवस्तू घरांतली. ताराबाईंच्या मनाला ते डाचत होते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या, त्या शेवटपर्यंत. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच तेथली साधने झाली. मोजायचे ते चिंचोक्यांनी, रंग ओळखायचे ते फुलांवरून.

तरी वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात. इतरांनी आईबापांना अडाणी ठरवून हात झटकले असते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली आणि तिचे नाव पडले अंगणवाडी. आधी मुलांना न्हाऊमाखू घालायचे, मग गाणी-गोष्टी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींत गेले. तेथली थोरली मुले गुरे राखीत. गुरे सोडून ती शाळेत येणार कशी? मग शिक्षकच कुरणात गेले, ती कुरणशाळा. मुली येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी केली. मला यातले हेच सर्वांत मोठे वाटते. मूल का येत नाही, याचे उत्तर त्या मुलात शोधत बसल्या नाहीत. शाळेची वेळ, जागा, सामान, सगळे तपासले.

१९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ पासून, सरकारने देशभर बालविकासाची केंद्रे उघडली, तीही अंगणवाडी या नावानेच.

आपली बालवाडी अकराला भरते. मागल्या चाळीतल्या ज्या आया सातलाच धुण्याभांड्यांना निघतात, त्यांची मुले तोवर कुठे असतात हे आपण सर्व जणी जाणतो. बालवाडी साडेसातला उघडावी, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. सकाळी आळीपाळीने येऊ शकतील अशा चार भगिनी हव्या आहेत. दोघींनी नावे दिली आहेत.