मादाम क्युरींची एक्स-रे गाडी

मादाम क्युरी म्हटलं की रेडियम, हे आपल्या डोक्यात शाळेपासून पक्कं बसलंय. पण मैत्रिणींनो, या बाईंनी एक्स-रे मशीन मोटारीत घालून थेट युद्धभूमीजवळ नेलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

मेरीचा जन्म 1867 चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. तिथे तेव्हा रशियाची सत्ता आणि मुलींना विद्यापीठाचं दार बंद. मग दोघी बहिणींनी ठरवलं, आधी एकीने कमवायचं, दुसरीने शिकायचं. मोठी ब्रोन्या डॉक्टर व्हायला पॅरिसला गेली. मेरी लोकांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायची आणि बहिणीला पैसे पाठवायची. तिचा नंबर लागला 1891 मध्ये. पुढचं पुस्तकात असतंच. पिएरशी लग्न, रेडियमचा शोध, 1903 आणि 1911 ची नोबेल पारितोषिकं. 1906 मध्ये पिएर घोडागाडीखाली सापडून गेले, तेव्हा धाकटी मुलगी दीड वर्षाचीही नव्हती.

1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. एक्स-रे मशीन्स शहरात आणि जखमी सैनिक आघाडीवर. अंगात गोळी कुठे रुतलीय ते न दिसताच डॉक्टर चाकू चालवायचे. मेरीबाईंनी देणग्या मागितल्या, मोटारी मिळवल्या, त्यात मशीन आणि वीज करायला डायनामो बसवला. अशा वीसेक गाड्या उभ्या केल्या. स्वतः मोटार चालवायला शिकल्या. सतरा वर्षांची थोरली लेक इरेन बरोबर होतीच, शिवाय दीडशे बायकांना मशीन चालवायला शिकवलं. दहा लाखांहून जास्त सैनिकांची तपासणी झाली.

आता खरी गोष्ट. जखमीवर किरण पडायचे एकदा-दोनदा. मशीनजवळ उभ्या बाईवर रोज, दिवसभर. किती पडले, याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. किरण मोजायचं जगाने मान्य केलेलं माप आलं 1928 मध्ये, युद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर. 4 जुलै 1934 ला मेरी गेल्या. हाडांच्या मगजात रक्त तयार होणंच थांबलं होतं. 1995 मध्ये सन्मानाने त्यांचं दफन पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवलं, तेव्हा तज्ज्ञांनी शवपेटीतला किरणोत्सर्ग तपासला. तो अपेक्षेपेक्षा कमी निघाला. आजाराचं कारण रेडियमपेक्षा युद्धातले एक्स-रे असावेत, असं त्यांचं मत पडलं. इरेनही 1956 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली.

आमच्या सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायकांना मी छातीच्या एक्स-रेसाठी घेऊन जाते. खोकला महिनोन् महिने अंगावर काढतील, पण एक्स-रे म्हटलं की, 'ताई, त्याने कॅन्सर होतो म्हणं!' मी त्यांना आकडेच सांगते. शरीराला लागणारा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून वर्षाकाठी सरासरी 2.4 आपोआप मिळतो. छातीच्या एक्स-रेचा डोस जेमतेम 0.1, म्हणजे साधारण पंधरा दिवसांचा नैसर्गिक वाटा. पोटाच्या सीटी स्कॅनचा मात्र 8-10, म्हणजे तसे ऐंशी-शंभर एक्स-रे. काही बायका पोट दुखलं की स्वतःच सीटीचा आग्रह धरतात, त्यांनाही हेच ऐकवते. डॉक्टरांनी गरज सांगितली तर काढावाच, हौसेने नको. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतात.

एक्स-रे काढणाऱ्याच्या छातीवर छोटा बिल्ला दिसतो ना, तो टीएलडी बॅज. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि त्या माणसाला किती डोस लागला ते कळतं. आपल्याकडे मर्यादा वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट. मेरीच्या दीडशे बायकांजवळ असलं काही नव्हतं.

आणि हो, दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल, तरी आत जाण्याआधी सांगायचं, लाजायचं नाही. जुन्या फिल्म्स रद्दीत देऊ नका. पिशवीत तारीखवार ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढायची वेळ येत नाही.